वाघ कुणाचा, रान कुणाचं

२८ एप्रिल १८१९. मद्रास लष्कराच्या २८व्या घोडदळातला जॉन स्मिथ नावाचा अधिकारी वाघाच्या शिकारीसाठी वाघूर नदीच्या दरीत आला होता. पलीकडच्या कड्यावर झाडोऱ्यात अर्धवट बुडालेली दगडी कमान त्याच्या नजरेस पडली. ती अजिंठ्याच्या दहाव्या लेण्याची कमान. स्मिथ आत शिरला आणि खांबावरच्या एका चित्रावर त्याने आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली. लेण्यात तेव्हा दगडमातीचा भराव साचलेला होता आणि त्यावर उभं राहून त्याने ते कोरलं. भराव निघाल्यामुळे आज ती अक्षरं आपल्या डोक्यापेक्षाही उंच दिसतात, तीही नीट निरखून पाहिलं तरच. त्याच लेण्याच्या भिंतीवर छद्दंत जातक रंगवलेलं आहे. सहा सुळ्यांच्या गजराजाला मारायला शिकारी येतो आणि गजराज आपले सुळे स्वतःहून त्याच्या हवाली करतो, अशी ती कथा. हातात बंदूक घेऊन आलेल्या माणसाला भिंतीवर नेमकं काय काढलंय, हे त्या दिवशी सांगायला कुणी नव्हतं.

अजिंठ्याची गोष्ट सांगताना आपण शिकारीचा भाग एका वाक्यात उरकतो आणि चित्रांकडे वळतो. पण वाघाच्या मागावर यावं इतके वाघ त्या काळी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला होते, ही बातमी लेण्यांइतकीच मोठी आहे. अजिंठ्यापासून कन्नडपर्यंतची ही सगळी डोंगररांग म्हणजे वरचा निजामाचा मुलूख आणि खालचं खानदेश यांच्यामधली रानाची पट्टी होती. खानदेश नुकतंच, १८१८ मध्ये, इंग्रजांच्या ताब्यात आलं होतं. काही वर्षांत तिथे जेम्स आउट्रम आला. धरणगावात राहून त्याने भिल्लांची पलटण उभी केली आणि त्यांनाच सोबत घेऊन शिकारी केल्या. १८२५ ते १८३४ या काळात त्याच्या हजेरीत १९१ वाघ मारले गेल्याची नोंद त्याच्या चरित्रात आहे. वर्षाला वीसच्या आसपास वाघ, आणि तेही एका अधिकाऱ्याच्या हिशेबातले!

चाळीसगावहून कन्नडला चढणारा घाट आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो. १९८६ मध्ये या डोंगरात अभयारण्य जाहीर झालं तेव्हा त्याचं नावही 'गौताळा औट्रमघाट' असंच ठेवलं गेलं. एवढे वाघ संपवणाऱ्या माणसाचं नाव वन्यजीवांच्या आसऱ्याला असावं, हे मला खटकतं. नाव बदला अशी मागणी मी करत नाही, पण त्या फलकाखाली १९१ हा आकडा लिहायला हवा, असं मात्र मनापासून वाटतं.

याच अभयारण्यात मार्च २०२१ मध्ये वनविभागाच्या कॅमेऱ्यात एक वाघ टिपला गेला. अनेक दशकं या डोंगरात वाघ नव्हता. हा आला होता यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून. पट्ट्यांच्या ठेवणीवरून त्याची ओळख पटली. त्याआधी, २०१९ मध्ये, टिपेश्वरचाच दुसरा एक तरुण वाघ बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला होता. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून त्याची वाट कळली. शेतं, ओढे, रस्ते, गावांच्या कडा ओलांडत हजारो किलोमीटर चालून त्याने आपली जागा शोधली. या वाघांच्या वाटेत शेकडो सातबारे आले, पण वाघ आपला आहे असं म्हणण्याचा हक्क त्यांतल्या एकाही खातेदाराला नव्हता.

आफ्रिकेतल्या खासगी राखीव रानांविषयीच्या प्रकरणाची सुरुवात कन्नडच्या घाटात केली ती यासाठीच. सफारीचं पॅकेज घेताना आपण तंबू किती चांगला, सिंह दिसेल का, जेवण शाकाहारी मिळेल का, हे विचारतो. प्राणी कुणाचे, जमीन कुणाची आणि आपण मोजलेला पैसा जातो कुठे, हे मात्र विचारत नाही. खरं तर आपल्याला काय बघायला मिळणार, हे या तीन गोष्टींवरच ठरतं.

आपल्याकडेही खासगी रानं होती. संस्थानिकांची. कोल्हापूरच्या छत्रपतींचं दाजीपूरचं रान हे त्यांचं शिकारीचं राखीव जंगल. गव्यांसाठी प्रसिद्ध. १९५८ मध्ये तेच महाराष्ट्रातलं पहिलं वन्यजीव अभयारण्य झालं आणि आज आपण त्याला राधानगरी म्हणतो. दरबारच्या राखणीमुळे तिथलं झाड तुटलं नाही आणि पुढे सरकारला आयतं जंगल मिळालं. कोल्हापूर दरबाराची दुसरी हौस चित्त्यांची. काळविटाच्या कळपावर पाळीव चित्ता सोडून शिकार करायची. चित्ते सांभाळणारे ते चित्तेवान, आणि हा त्यांचा पिढीजात पेशा होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथले चित्ते मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूर आणि भावनगरसारख्या दरबारांनी ते थेट आफ्रिकेतून मागवले. म्हणजे फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून कुनोला १२ चित्ते आले, त्याच्या किती तरी आधी आफ्रिकेचे चित्ते पंचगंगेच्या काठी धावून गेले आहेत.

संस्थानं गेली आणि १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. तेव्हापासून आपल्याकडे रानातल्या प्राण्यावर कुणालाही मालकी सांगता येत नाही. जखमी किंवा मेलेला वाघ सापडला तर तो सरकारची मालमत्ता. तुमच्या शेतात बिबट्याने पिल्लं घातली तरी तुम्ही त्यांचे धनी होत नाही.

दक्षिण आफ्रिकेने बरोबर उलटी वाट धरली. १९९१च्या तिथल्या कायद्यानुसार, जमिनीला पुरेसं कुंपण घातलेलं असेल तर आतले वन्यप्राणी जमीनमालकाचे. कुंपण तोडून पळाले तरी मालकी सुटत नाही. त्यामुळे म्हैस, हरीण, गेंडा यांचा तिथे लिलाव होतो. पाळलेल्या गाईगुरांपेक्षा रानटी जनावरात पैसा जास्त, हे गणित जमल्यावर पाणी कमी आणि गवत निकस असलेल्या कित्येक शेतकऱ्यांनी गुरं विकून रान उभं केलं. क्वाझुलू-नाताल प्रांतातलं फिंडा हे त्याचं नामांकित उदाहरण. १९९१ मध्ये गुरांची कुरणं आणि अननसाचे मळे एकत्र करून ते सुरू झालं. बाहेरून हत्ती, गेंडे, सिंह, चित्ते आणून सोडले गेले. कुनोत आलेल्या चित्त्यांपैकी काही याच फिंडातले. पांढरे गेंडे दक्षिण आफ्रिकेत आज निम्म्याहून अधिक खासगी मालकांकडे आहेत. हा प्राणी टिकला त्यात सरकारी उद्यानांइतकाच या मालकांचा वाटा आहे, हे मान्य करायला हवं.

सर्वांत नावाजलेलं खासगी रान म्हणजे क्रूगर राष्ट्रीय उद्यानाला पश्चिमेकडून चिकटलेलं साबी सँड. क्षेत्र साधारण ६५,००० हेक्टर, म्हणजे आपल्या गौताळ्याच्या अडीचपट. हे एका मालकाचं नाही. शेजारशेजारच्या जमीनदारांनी १९४८ मध्ये संघ करून आपापल्या जमिनी एका रानात मांडल्या. त्यांतल्या लोंडोलोझीची जमीन व्हार्टी कुटुंबाने १९२६ मध्ये घेतली ती सिंहांच्या शिकारीसाठी. गुरांसाठी ती जमीन कुचकामाची ठरलेली होती. १९७०च्या दशकात पुढच्या पिढीने बंदूक बाजूला ठेवून पाहुण्यांना कॅमेऱ्यासह बोलवायला सुरुवात केली. क्रूगर आणि साबी सँड यांच्यामध्ये १९६०च्या दशकात जनावरांच्या लाळ्या-खुरकूत रोगापायी कुंपण उभं राहिलं होतं. ते १९९३ मध्ये काढलं गेलं. तेव्हापासून हत्ती सरकारी हद्दीतून खासगी हद्दीत आणि परत, हवे तसे फिरतात. मालकीची रेघ कागदावर राहिली आणि रान एक झालं. माझ्या मते आफ्रिकेच्या या साऱ्या इतिहासातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट हीच.

पण या जमिनी रिकाम्या नव्हत्या. तिथे गावं होती, स्मशानं होती, गुरं चरत होती. गोऱ्या राजवटीत माणसं हुसकली गेली. १९९४ नंतर हुसकलेल्यांना दावा करायचा हक्क मिळाला. साबी सँडमधल्या मालामाला या जमिनीचा दावा २०१३ मध्ये मिटला. सरकारने एक अब्ज रँडहून अधिक रक्कम मोजून ती जमीन घेतली आणि मूळ समाजाच्या नावावर केली. फिंडातही २००७ मध्ये नऊ हजारांवर हेक्टर जमीन मखासा आणि म्नकोबोकाझी या समाजांना परत मिळाली. त्यांनी तिथे नांगर धरला नाही. रान तसंच ठेवून कंपनीला भाड्याने दिलं. आज तिथला पाहुणा ज्या वाटेवरून जातो, तिचे मालक बऱ्याचदा शेजारच्या गावात राहतात.

आता प्रत्यक्ष मुक्कामाकडे येऊ. ताडोबा पाहिलेल्या माणसाला इथे पहिला धक्का बसतो तो वाटांचा. ताडोबात जिप्सी ठरलेल्या रस्त्यावरूनच जाते, वेळेत फाटकाबाहेर पडावंच लागतं. क्रूगरच्या सरकारी भागातही रस्ता सोडता येत नाही. खासगी रानात मात्र बिबट्या झुडपात शिरला तर गाडी त्याच्यामागे झुडपात घालतात. सूर्य मावळल्यावरही फिरता येतं आणि बंदूकधारी वाटाड्यासोबत पायी चालता येतं. एका प्राण्याभोवती दोन-तीनपेक्षा जास्त गाड्या थांबू देत नाहीत. बाकीचे रेडिओवर नंबर लावून लांब थांबतात. वाघिणीभोवती वीस जिप्स्यांचा गराडा पाहून ज्यांचा जीव गुदमरला आहे, त्यांना या शिस्तीचं मोल लगेच कळेल.

गाडी उघडी असते, छत नाही, दारं नाहीत. चालवणारा रेंजर आत बसतो, पण सकाळचा खरा नायक असतो तो बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यावर बसवलेल्या एकट्या खुर्चीवरचा माणूस, म्हणजे माग काढणारा. तो पहाटेच्या तिरप्या उन्हात रस्त्याची धूळ वाचत असतो. एकाएकी हात वर करतो, गाडी थांबते. धुळीत सिंहाचं पाऊल. तुम्हाला फक्त पंजा दिसतो. तो बघतो की पंजाच्या कडा अजून धारदार आहेत की वाऱ्याने मोडल्यात. एखादा किडा त्या ठशावरून सरपटत गेला असेल, त्याची बारीक रेघ पंजावर उमटली असेल, तर सिंह रात्रीच पुढे गेलाय, कारण असे किडे रात्री फिरतात. दवाचे थेंब धुळीवर पडून बारीक खड्डे झाले असतील आणि पंजा त्या खड्ड्यांवर उमटला असेल, तर सिंह दव पडल्यानंतर गेलाय, म्हणजे जवळच आहे. मग तो खुर्चीवरून उतरतो, रेंजरच्या शेजारी येऊन बसतो, कारण आता पुढे उघड्यावर बसणं बरं नाही. ही विद्या पुस्तकातून आलेली नसते. ज्यांचे वाडवडील याच मातीत गुरं राखत आणि शिकार करत, त्यांच्याकडून ती येते. आउट्रमने खानदेशात जे मारलं तेही भिल्लांच्या याच विद्येच्या जोरावर. शिकारीच्या नोंदीत साहेबाचं नाव राहिलं, माग काढणाऱ्याचं गळालं. आफ्रिकेत निदान त्याला खुर्ची मिळाली आहे. गाडीतून उतरताना टिप देण्याची पद्धत आहे तेव्हा रेंजरइतकीच त्याचीही आठवण ठेवावी.

गाडीत उभं राहू नका, हात बाहेर काढू नका, असं पुन्हा पुन्हा सांगतात. सिंहाला गाडी आणि माणसं मिळून एकच आकार दिसतो आणि त्याची त्याला सवय झालेली असते. कुणी उभं राहिलं की तो आकार फुटतो. ही सवय लावायला त्या रानांनी वर्षानुवर्षं संयम ठेवला आहे. फोटोसाठी एका क्षणात ती मोडू नये.

मराठी प्रवासी दक्षिण आफ्रिकेपेक्षा केनियाला, तेही मसाई माराला जास्त जातात. मुंबई-नैरोबी थेट विमान असतं, हेही एक कारण. केनियात १९७७ पासून शिकारीला बंदी आहे आणि तिथेही, आपल्यासारखंच, रानटी प्राण्यावर खासगी मालकी नाही. मारा हे सुमारे १,५०० चौरस किलोमीटरचं सरकारी राखीव रान. पण स्थलांतर करणारे लाखो विल्डबीस्ट, त्यांच्यामागचे सिंह, चित्ते या सरकारी रेघेपाशी थांबत नाहीत, उत्तरेकडे मसाई कुटुंबांच्या जमिनीत जातात. त्या जमिनी वाटण्या होऊन एकेका कुटुंबाच्या नावावर झाल्या, तेव्हा प्रत्येकाने तारेचं कुंपण घातलं असतं तर माराचा श्वास कोंडला असता. त्यावर निघालेला तोडगा असा: शेकडो कुटुंबांनी आपले तुकडे एकत्र करून सफारी कॅम्पना भाड्याने दिले. ओलारे ओरोक २००६ मध्ये आणि नाबोईशो २०१० मध्ये अशा रीतीने उभं राहिलं. इंग्रजीत त्यांना कॉन्झर्व्हन्सी म्हणतात. भाडं एकरावर ठरतं. पाहुणे येवोत न येवोत, ते कुटुंबाच्या खात्यात दरमहा जमा व्हावं, हा करार. त्याच्या बदल्यात कुटुंब तिथे घर बांधत नाही, कुंपण घालत नाही, गुरं ठरवून दिलेल्या पट्ट्यांत आळीपाळीने चारतं. तंबूंची संख्याही बांधलेली असते. साधारण सातशे एकरांमागे एक तंबू, असं प्रमाण तिकडच्या काही कॉन्झर्व्हन्सींनी ठरवलं आहे. करोनाच्या काळात पाहुणेच थांबले आणि भाडं देणं अनेक ठिकाणी अवघड झालं. पर्यटनावर टेकलेल्या व्यवस्थेचा हा मोठा कच्चा दुवा. तरीही एक गोष्ट तिथे पक्की झाली आहे: सिंहाच्या शेजारी राहायचं तर त्याचा मोबदला हक्काने, आधी ठरवून, दर महिन्याला.

आता हेच कन्नड तालुक्यात आणून बघा. गौताळ्याच्या पायथ्याला मक्याचं शेत आहे. रात्रीची लाइट आली की शेतकरी बॅटरी घेऊन पाणी द्यायला निघतो. अंधारात बिबट्या असू शकतो हे त्याला ठाऊक असतं. सकाळी बघतो तर रोह्यांचा कळप किंवा रानडुकरं मका आडवा करून गेलेली. मग अर्ज, वनरक्षक आणि तलाठी यांचा पंचनामा आणि भरपाईची वाट बघणं. भरपाई मिळते, पण ती नुकसान झाल्यावर, नुकसान सिद्ध केल्यावर. प्राणी येतात, सुखरूप जातात आणि शेतकऱ्याने त्यांना काही केलं नाही, याचं मोल कुठल्याच कागदावर नोंदलं जात नाही. टिपेश्वरहून वाघ इथवर चालत आला, तो ज्यांच्या ज्यांच्या बांधावरून आला त्या सगळ्यांच्या सोसण्यावर आला. ताडोबाच्या बफरमधल्या काही गावांत समित्या स्वतः सफारी आणि फुलपाखरू उद्यान चालवतात, त्यातून गावात पैसा येतो. पण जिथे फाटक नाही, तिकीट नाही, नुसती वाघाची येण्याजाण्याची वाट आहे, तिथे काहीच नाही. दक्षिण आफ्रिकेची मालकी आणि कुंपणं आपल्याकडे यावीत असं मला मुळीच वाटत नाही. वाघ कुणाच्याच मालकीचा नाही, म्हणून तर तो गौताळ्यापर्यंत येऊ शकला. मसाई कुटुंबाला मिळणारं एकराचं भाडं मात्र आपल्या वाघांच्या वाटेवरच्या शेतकऱ्याला मिळायला हवं, हे मी ठासून म्हणेन.

खासगी म्हणजे चांगलंच, असंही नाही. क्रूगरला लागून असलेल्या काही खासगी रानांत आजही परवाने घेऊन शिकार होते. दक्षिण आफ्रिकेत पिंजऱ्यात वाढवलेले सिंह हजारोंनी आहेत. छाव्यांना कुरवाळा, सिंहांसोबत चाला, असं आमंत्रण जिथे मिळतं तिथून सरळ मागे फिरावं. माणसाळलेला असा छावा मोठा झाल्यावर रानात सोडता येत नाही. त्यांतले कित्येक बंदिस्त आवारातल्या शिकारीसाठी किंवा हाडांच्या व्यापारासाठी विकले गेले आहेत. ज्या रानात प्राण्याला हात लावता येतो ते रान नव्हे.

निघण्याआधीची तयारी थोडी, पण चुकवू नये अशी. केनियाहून परतताना भारतात पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रावरच घ्यायची. एकदा घेतली की ते प्रमाणपत्र जन्मभर चालतं. क्रूगर आणि साबी सँडच्या भागात हिवताप आहे, त्यामुळे गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू कराव्यात. लहान मुलं सोबत असतील तर मॅडिक्वे किंवा पिलानेसबर्गसारखी हिवतापमुक्त रानं बरी. कपडे खाकी, मातकट. पहाटेच्या उघड्या गाडीत, विशेषतः जून-जुलैत, थंडी झोंबते म्हणून कानटोपी आणि जाड स्वेटर हवाच.

आणि बुकिंग करताना एजंटला सांगा की खर्चाच्या कागदावर रानाची फी वेगळ्या ओळीत दाखवा. मारातल्या चांगल्या कॅम्पचं बिल तसंच येतं, राहण्याचा खर्च निराळा आणि कॉन्झर्व्हन्सीची दर रात्रीची फी निराळी. या फीतूनच मसाई कुटुंबांचं भाडं जातं. काही स्वस्त कॅम्प रानाच्या हद्दीबाहेर असतात आणि जाहिरातीत नाव मात्र रानाचं लावतात. एजंटला सांगता येत नसेल तर कॅम्पला थेट लिहून विचारावं: जमीन कुणाची, भाडं किती कुटुंबांना जातं आणि प्राण्याभोवती एका वेळी किती गाड्या थांबू देता? रान चांगलं सांभाळणाऱ्या कॅम्पकडे या तिन्ही प्रश्नांची उत्तरं तयार असतात.